‘दूरयान’चं मागचं पान

खोडरबर जास्त घासलं की कागदाला लव सुटते, हे प्रूफं वाचून वाचून मला पक्कं माहीत होतं. तरी मी घासत होतो. मिरजेचं लोकमित्र वाचनालय, गुरुवार, दुपारचा सव्वा वाजलेला. ग्रंथपाल चौगुलेबाई टेबलाशी बसून डबा खात होत्या आणि मी कपाटाच्या आडोशाला उभा राहून एका कादंबरीच्या शेवटच्या पानावरची दीड ओळ पुसत होतो. कादंबरी मीच लिहिलेली होती.

“काय शोधताय, साळोखे?” बाईंनी घास गिळत विचारलं.

“काही नाही. चाळतोय.”

“या आठवड्यात चौथ्यांदा चाळताय.”

मी पुस्तक कपाटात कोंबलं, खोडरबराचा भुगा पँटीला पुसला आणि बाहेर पडलो. छापखान्यापर्यंत दहा मिनिटांचा रस्ता, तो मी पाच मिनिटांत कापला. घाई कसलीच नव्हती. त्या आठवड्यात मला सावकाश चालताच येत नव्हतं.

एकोणनव्वद सालची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी टीव्हीवर दर शनिवारी संध्याकाळी ‘दूरयान’ नावाची मालिका लागायची. एक यान, त्याची कॅप्टन उर्मिला, नरेन नावाचा पोरगेला चालक आणि म्हातारे इंजिनिअर भार्गवमास्तर. तेराव्या भागात यानात वायूची गळती सुरू झाली, उर्मिला दुरुस्तीला यानाबाहेर गेली, मास्तर आत खोकत राहिले आणि मालिका तिथंच संपली. पुढचे भाग निघालेच नाहीत. मग आमच्या छापखान्याचे मालक आणि प्रकाशक दत्तोपंत हसबनीस यांनी मुंबईच्या पटकथाकाराकडून कादंबरीची परवानगी आणली. त्याला लिहायला सवड नव्हती. पंतांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “साळोखे, इतरांच्या चुका काढता ना रोज? आता स्वतः करून बघा.”

मी बावीस दिवसांत लिहिली. कव्हरवर नाव पटकथाकाराचं, आत बारीक टायपात ‘शब्दांकन : दिनकर साळोखे’. ते पान मी किती वेळा उघडून पाहिलं असेल, सांगायला लाज वाटते. पुस्तक बरं चाललं आणि पंत म्हणाले, दुसरा भाग काढू. तो मी लिहिला तर कव्हरवर माझं नाव. पण आधी वाचक काय म्हणतो ते बघू.

वाचक काय म्हणतो हे बघायची पंतांची रीत वेगळी होती. वर्तमानपत्रातली परीक्षणं ते वाचत नसत. ‘ती ओळखीपाळखीत होतात,’ म्हणत. ते रविवारी सकाळी वाचनालयात जाऊन पुस्तकाचं मागचं पान उघडत. आपल्याकडं वाचनालयाच्या पुस्तकावर काही लिहू नये अशी सूचना भिंतीवर असते आणि तिच्याचखाली बसून लोक पेन्सिलीनं मत लिहितात. लोकमित्रमध्ये तर मत लिहून खाली सभासद क्रमांक टाकायची पद्धतच पडली होती. चौगुलेबाई रागवत, पण वाचतही. त्या पानावर पंतांनी कित्येक पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्त्या ठरवल्या होत्या. ‘दूरयान’ बघायला ते येत्या रविवारी येणार होते.

म्हणून मी सोमवारी जाऊन आधीच बघून घेतलं. पान भरत आलं होतं.

‘टीव्हीवर बरे होते. – १०४’

‘उर्मिलाचे केस मालिकेत आखूड आहेत. पुस्तकात वेणी! लेखकाने मालिका पाहिली आहे का? – ३३१’

पाहिली होती, शेजारच्या शेट्यांच्या घरी, दारात उभं राहून. माझ्यापुढं बसलेल्या त्यांच्या थोरल्या लेकीची वेणी तेवढी मला नीट दिसायची.

‘सातव्या भागातील निळे वादळ गाळले आहे. का? – ८८’

त्या शनिवारी वीज गेली होती.

‘वरील वाचकाशी सहमत. – ८९’

‘भार्गवमास्तरांना मारल्याबद्दल निषेध. – २५०’

‘चहाचा डाग माझा नाही. – ४१२’

हे सगळं मी सहन केलं. निषेध तर मला आवडलाच. मास्तरांचा मृत्यू हा माझ्या मते कादंबरीचा कळस होता. मालिकेत नसलेली, माझी स्वतःची अशी तेवढी तीन पानं होती. उर्मिला बाहेरच अडकलेली आणि मास्तर नरेनच्या मांडीवर डोकं ठेवून तारे, माणूस, पृथ्वीची माती यांवर तीन पानं बोलतात आणि मग डोळे मिटतात. लिहिताना मी स्वतः रडलो होतो.

सगळ्यात खाली, गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘मरणारा माणूस एवढे बोलत नाही. लिहिणाऱ्याने मरण पाहिलेले नाही.’

सभासद क्रमांक नव्हता.

माझे कान तापले. मी ती ओळ पुन्हा वाचली, पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. मग खिशातलं खोडरबर काढलं. प्रूफवाल्याच्या खिशात ते असतंच. ओळ पुसली आणि तेवढ्यावर न थांबता त्या जागेवर, अक्षर तिरकं करून, मीच लिहिलं : ‘मास्तरांचा मृत्यू वाचून डोळे भरून आले. दुसरा भाग लवकर यावा.’ क्रमांक कुठला टाकावा? सुचला तो टाकला, २१२.

मंगळवारी ती दीड ओळ परत आली होती. तीच, त्याच अक्षरात, माझ्या स्तुतीच्या बरोबर खाली. बुधवारी मी ती पुसली. गुरुवारी पुन्हा हजर. आता अक्षर जरा दाबून काढलेलं.

मला दुसरं काही सुचेना. छापखान्यात एका लग्नपत्रिकेत वधूच्या जागी वराच्या आत्याचं नाव तसंच सोडलं आणि पंतांची बोलणी खाल्ली. रस्त्यात दिसेल त्या माणसाकडं मी संशयानं बघत होतो. हा असेल का? ती असेल? कुणाचं काय वाकडं केलं होतं मी? आणि खरं सांगायचं तर राग त्या ओळीचा नव्हताच. राग होता ती खरी असल्याचा. मी मरण पाहिलेलं नव्हतं. पाहू दिलं नव्हतं मला.

आई गेली तेव्हा मी पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर देत होतो. तीन पेपर बाकी होते. ती गेली मंगळवारी आणि आप्पांची, म्हणजे वडिलांची, तार आली पुढच्या सोमवारी, शेवटचा पेपर देऊन मी खोलीवर पोचलो तेव्हा. तोवर सगळं उरकलेलं होतं. मी घरी आलो तर कॉटवरची गादीसुद्धा उन्हात टाकलेली. ‘पेपर बुडाले असते,’ एवढंच आप्पा म्हणाले. आणि निकाल काय, तर सेकंड क्लास. त्याला सहा वर्षं झाली होती. एका घरात राहून, एका ताटलीतल्या भाकऱ्या खाऊन, त्या दिवसाबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी विचारलं नाही, कारण मला राग होता. त्यांनी सांगितलं नाही. का, ते मला माहीत नव्हतं.

त्या गुरुवारी घरी आलो तेव्हा आप्पा मोरीत वाकून नळाची चकती बदलत होते. जन्मभर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढलेला माणूस. थेंब थेंब गळणारा नळ त्यांना सहन होत नसे. शेजाऱ्यांचासुद्धा उठून बंद करून यायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्यामुळं सगळं चाचपून चाललेलं.

“पंत रविवारी येणार न्हवं का वाचनालयात?” त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गावात कळतंय की.”

“येणार आहेत,” मी म्हणालो आणि न जेवताच बाहेर चक्कर मारायला गेलो. पुस्तक मी त्यांना दाखवलंही नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं तेव्हा आणि मला वाचून दाखवायचं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा ओळ शाईनं लिहिलेली होती. निळी शाई, ठसठशीत. खोडरबराला दाद देणार नव्हती.

छापखान्यात शाईची चूक ब्लेडनं खरवडतात. ब्लेडही माझ्या खिशात होतं, कागदात गुंडाळलेलं. मी ते काढलं आणि पहिल्या अक्षरावर टेकवलं, तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं.

“भोक पडेल पानाला,” चौगुलेबाई म्हणाल्या. “ब्लेड द्या इकडं.”

मी दिलं. शाळेतल्यासारखं, निमूट.

“बसा,” त्यांनी स्टूल ओढलं. “आणि हे दोनशे बारा नंबर काय प्रकरण आहे? दोनशे बारा म्हणजे भिलवडीकर मास्तर. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. तुमची कादंबरी वाचायला परत आले काय?”

मी जमिनीकडं बघत होतो. बाई हसल्या नाहीत, हे मात्र त्यांचे उपकार.

“बाई, हे शाईचं कोण लिहितंय?”

“अक्षर ओळखू येत नाही? रोज बघता की पुस्तकांच्या कार्डांवर.”

मी टेबलावरच्या कार्डाकडं पाहिलं. गोल, सुबक. इतके दिवस डोळ्यांपुढं होतं आणि मी गावभर शोधत होतो.

“तुम्ही?” मी म्हणालो. “तुमचं मी काय केलं होतं?”

“अक्षर माझं आहे. मत माझं नाही.” त्यांनी ब्लेड ड्रॉवरमध्ये टाकलं. “ज्यांना डोळ्यांनी जमत नाही अशी चार-पाच म्हातारी माणसं तीन वाजता येतात. मी वाचून दाखवते. त्यांचं मत त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. दुसऱ्याचं मत आपण कसं बदलायचं? पुसलं गेलं की मला पुन्हा लिहायला लागायचं. ते रोज विचारायचे, आहे का अजून तिथं? म्हटलं, नाही हो, कुणीतरी पुसतंय. तर काल म्हणाले, बाई, मग शाईनं लिहा.”

“कोण?”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

“एकोणतीस नंबर,” त्या म्हणाल्या. “तुमचे आप्पा. नंबर घालू नका म्हणाले होते, म्हणून घातला नाही.”

मी उठलो. मग बसलो.

“आठ दिवस लागले वाचायला,” बाई सांगत होत्या. “आतलं बारीक टायपातलं तुमचं नाव पहिल्या दिवशी तीनदा वाचायला लावलं. उर्मिला गळती बुजवायला यानाबाहेर जाते तिथं टेबलावर थाप मारून म्हणाले, शाब्बास. पण मास्तर मरतात ती पानं आली आणि मला थांबवलं. ‘पुन्हा वाचा’ म्हणाले. मी वाचली. मग हे सांगितलं. मी म्हटलं, अहो, मुलगा घरातच आहे, त्यालाच सांगा की. तर म्हणाले, घरी मी बाप आहे, माझं तो ऐकायचा नाही. हितं मी वाचक आहे. वाचकाचं ऐकावं लागतं.”

मी छापखान्यात परत गेलो नाही. सरळ घरी गेलो. आप्पा वाचनालयात निघायच्या तयारीत, टोपी चाचपत उंबऱ्याशी उभे होते.

“लौकर आलास?”

“आप्पा, ते शाईचं मी वाचलं.”

ते टोपी काढून खुंटीला लावायला गेले, खुंटी सापडली नाही, टोपी हातातच राहिली.

“राग आला?”

“आला. मरण बघितलेलं नाही म्हणताय. कुणी बघू दिलं नाही?”

सहा वर्षं जे म्हणायचं होतं ते असं दारात, चपला पायात असतानाच बाहेर पडलं. माझा आवाज फाटला होता. आप्पा कॉटवर बसले. त्याच कॉटवर.

“तीच म्हणाली हुती, पेपर हुंदे,” ते म्हणाले. “आधी चार दिवस म्हणाली. शुद्धीत हुती तवा. तुझी आण घालून म्हणाली. मग मी तार कशी करू?”

“आणि नंतर?”

“नंतर इसारली.” आप्पा टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. “मंगळवारी सकाळपासनं एकच. दिनू आला? मी म्हणायचो, परीक्षा हाय न्हवं त्येची. हां हां, म्हणायची. घटकाभरानं परत, दिनू आला? किती येळा सांगू? दुपारी तीनला डोळं फिरायला लागलं. तरी तेच. आवाज न्हवता, नुसतं ओठ हालत हुतं. मी म्हटलं, आला.”

मी पायातल्या चपला काढल्या.

“आला, म्हटलं. पाय धुतोय मोरीत. तर तिनं मान अशी केली, मोरीकडं. ऐकत हुती. मग मी उठलो, नळ सोडला. पाण्याचा आवाज यावा म्हणून. येऊन बसलो. तिनं डोळं मिटून घेतलं, हसली बी थोडी. पाण्याचा आवाज ऐकत ऐकत गेली. बाकी काय बोलली न्हाई.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझा आवाज जिथून येत होता तिकडं. “बायका आल्या तवा बादली भरून पाणी दारातनं भाईर आलं हुतं. तो नळ कुणी बंद केला, मला आठवत न्हाई.”

मी मोरीत गेलो आणि पाय धुतले. दुसरं काय करावं ते कळेना. खूप वेळ धूत होतो. आप्पांनी नळ बंद कर म्हटलं नाही.

रविवारी पंतांच्या आधी अर्धा तास मी वाचनालयात पोचलो आणि २१२ क्रमांकाचं मत पुसलं. शाईच्या ओळीला हात लावला नाही. पंत आले, चष्मा नाकावर ओढला आणि मागचं पान खिडकीकडं धरून सगळं वाचून काढलं. वेणी, निळं वादळ, निषेध, चहाचा डाग. आयुष्यभर प्रूफं तपासलेला माणूस. लव सुटलेल्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला.

“इथं काय होतं, साळोखे?”

“माझी स्तुती.”

“कुणी केलेली?”

“मीच.”

पंतांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. चौगुलेबाई कार्डं लावत होत्या, त्यांचे हात थांबले. मग पंतांनी शाईची ओळ वाचली.

“हे कुणाचं?”

“माझ्या वडिलांचं. आधी पेन्सिलीनं होतं, ते मी तीनदा पुसलं.”

“बरोबर आहे त्यांचं,” पंत म्हणाले. “वाचताना मलाही खटकलं होतं. पण पानं भरत होती, म्हणून मी बोललो नाही.” पुस्तक मिटून त्यांनी ते बाईंकडं दिलं. “दुसरा भाग तुम्हाला देत नाही, साळोखे. लिहिता वाईट म्हणून नव्हे. वाचकाचं मत खोडणाऱ्या माणसाचं नाव मी कव्हरवर घालणार नाही. निदान यंदा तरी नाही.”

“बरं,” मी म्हणालो. गेल्या सोमवारपासून पहिल्यांदाच हातपाय जागेवर होते. “पंत, एक मागू? पहिल्या भागाची दुसरी आवृत्ती निघाली तर तीन पानं बदलू द्या. जुळणी मी करीन, सुट्टीच्या दिवशी.”

आवृत्ती पुढच्या वर्षी निघाली. तीन पानांची जागा सात ओळींनी घेतली आणि उरलेल्या जागेत पंतांनी आपल्या इतर पुस्तकांची जाहिरात टाकली. त्या सात ओळींत मास्तर फक्त विचारतात, “उर्मिला आली?” नरेन दोनदा सांगतो, बाहेर काम चाललंय. तिसऱ्यांदा तो म्हणतो, “आली. हेल्मेट काढतेय.” आणि उठून दाराजवळचा हवेचा झोत चालू करतो, आवाज यावा म्हणून. दुसरा भाग मुंबईच्या पटकथाकारानं कधीच लिहिला नाही. माझं नाव कव्हरवर यायला आणखी सहा वर्षं लागली, पण ती कथा वेगळी.

आप्पा गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ होतो. त्यांनी पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं, एवढंच झालं. पंधरा दिवसांनी त्यांचं एकोणतीस नंबरचं कार्ड परत करायला मी लोकमित्रमध्ये गेलो. चौगुलेबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. टेबलाशी नवी मुलगी होती, मला न ओळखणारी. तिनं कार्ड घेतलं आणि रजिस्टर शोधायला ती आत गेली. मी सवयीनं कपाटाकडं वळलो. ‘दूरयान’ची दुसरी आवृत्ती होती, बांधणी सुटलेली. मागचं पान उघडलं.

‘वेणी अजून आहेच. – ३३१’

त्याच्याखाली एका लहान मुलाचं, ओळीबाहेर जाणारं अक्षर होतं : ‘उर्मिला आलीच नव्हती. मग नरेनने खोटे का सांगितले? – ४७६’

आणि त्याखाली गोल, सुबक अक्षरात, निळ्या शाईनं : ‘सांगावे लागते. – २९’